आत्याच्या ओळीतला ‘स.’

३ जून
सापडली! जुन्या इस्पितळाच्या रजिस्टरात आत्याची ओळ सापडली. साथीत आजी-आजोबा गेले, बाबा नि आत्या भरती झाले. बाबांना त्यांच्या काकाने घरी नेलं. बाबांनी त्यांच्या ताईचं, म्हणजे आत्याचं, विचारलं की काका म्हणायचा, “गप्प बस.” बाबा आता थकलेत, पण एवढं त्यांना कळायलाच हवंय — ताईचं काय झालं?

शेरे लिहिणारा कारकून मात्र शाईचा महाकंजूष! घ. म्हणजे घरी, म. म्हणजे मयत, बा. म्हणजे बालगृह. आत्यापुढे नुसता स.

४ जून
बाबा म्हणाले, “स. म्हणजे सुटली!” स्वतःच हसले. मग चहा तसाच ठेवला.

६ जून
रेकॉर्डरूममधल्या बाईंना विचारलं. “सदर हो! म्हणजे वरच्यासारखंच.”
वरच्या ओळीत म.
बाबांना सांगायला जीभच रेटेना.

९ जून
तरी आज पुन्हा गेले. चटकच लागलीय! खडखडणारा पंखा, जाड पानं, कुणाची कटकट नाही — फार बरं वाटतं मला तिथे.

आणि एका पानावर पहिल्याच ओळीत स.! वरच्यासारखं म्हणजे काय, छतासारखं? मागचं पान कोरं. मग पानामागून पान चाळलं. कुठल्याच पानाच्या शेवटच्या ओळीत स. नाही! वॉर्डातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा शेजारीच होता, सुतळीने बांधलेला. शेवटच्या रुग्णाची चिठ्ठी सगळ्यात वर! म्हणजे पठ्ठ्याने गठ्ठा उचलला नि शेरे खालून वर भरत गेला. त्याचं ‘सदर’ म्हणजे खालच्यासारखं!

आत्याच्या खालच्या ओळीत — बा.!
मी ओरडलेच. बाई दचकल्या, मग माझ्याबरोबर त्याही हसायला लागल्या.

१० जून
बाबांना सांगितलं. बालगृह अजून चालू आहे. फोन केला तर म्हणाले, “जुनी नोंद आहे, बघून कळवतो.” बाबांनी दुपारी दाढी केली. कशाला, म्हटलं. “उगाच गं.”

१३ जून
फोन नाही. बाबांची आज पुन्हा दाढी!

१८ जून
फोन आला. आत्याचाच! बाबांच्या हातात दिला. तिचा आवाज एवढा खणखणीत, की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं — “काका आला होता रे मला भेटायला. म्हणाला, तू गेलास.”
बाबांनी गुळगुळीत गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, “आहे गं मी, ताई.”