हातावरचं तीर्थ

गाझा, २५ ऑगस्ट १९६४

प्रिय नीलिमाताई, इथूनच वाकून नमस्कार.

मी एकदम ठणठणीत आहे, हे आईला आधी सांग. तिचा गुडघा कसा आहे? पुढचं मात्र तू एकटीच वाच.

यूनोच्या शांतिसेनेतल्या आमच्या पलटणीच्या कॅम्पवर पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकून घ्यायची ड्यूटी माझी. श्रावणात जवानांनी सत्यनारायण घातला, तेव्हा हवालदार म्हणाले, "साहेब, देवाला औषधाचं पाणी कसं चालेल? विहिरीचं आणतो." हायजीनवर रोज लेक्चर झोडणारा मी. पण सगळे माझ्याकडे बघत होते. इंग्लिश शाळेतला साहेब धर्म बुडवतो, असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी म्हटलं, "आणा."

तीर्थाला नाही कोण म्हणतं? दोन दिवसांत चाळीस जणांना जुलाब. खाटा पुरेनात. आपल्या कासारवाडीच्या मंजुळाबाईंचा हरिहर काल सकाळी गेला. आदल्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, जुलाबानं गेला म्हनून घरी लिहू नका. गोळी लागली लिहा. लोक हसतील."

मंजुळाबाईंना तार मिळालीच असेल, जुलाबानं गेला अशीच. तू भेटून ये. त्या विचारतील, "तुमचा गुरुदत्त बरा कसा काय राहिला?" देवाची कृपा म्हण.

खरं फक्त तुला सांगतो. मी तीर्थ हातावर घेतलं, ओठांपर्यंत नेलं आणि तसंच केसांना पुसलं. हरिहर माझ्या शेजारीच बसला होता. तो प्यायला.

मला माहीत होतं, ताई.

तुझा धाकटा,
गुरुदत्त