उलटी फेरी

६ जानेवारी, सोमवार

कंपनीचा मेल आला. तीन ओळींचा. यंदा त्यांचा 'फोकस' बदललाय म्हणे, झाडं लावणार आहेत. लावा बापडे. पण आमची पाच शाळांची वादसभा चार वर्षं त्यांच्या जिवावर चालली, निदान एक फोन तरी करायचा.

मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते लगेच कॅलेंडरकडे बघायला लागले. ३१ पर्यंत दुसरा स्पॉन्सर नाही मिळाला तर फायनल रद्द, वादसभा बंद आणि शनिवारचा हॉल क्लासवाल्यांना. "क्लासवाले भाडं देतात बाई, तुमची पोरं नुसता आवाज करतात." परळ-लालबागची मराठी शाळेतली पोरं तोंड उघडून चार माणसांत उभी राहायला लागली, त्याला हा माणूस आवाज म्हणतो! घरी येऊन भांडी आपटली. भांड्यांचा काय दोष.

९ जाने.

गावडे सरांबरोबर दादर. सर विज्ञान शिकवतात, वादसभेत माझे जोडीदार. तीन दुकानं झाली. साडीवाले म्हणे, "डिबेट म्हणजे इंग्लिशमध्ये ना? मराठीत कशाला?" सोनाराची तयारी आहे, पण प्रत्येक पोराने भाषणात दोनदा त्याच्या दुकानाचं नाव घ्यायचं. तिसऱ्याने बसा पण म्हटलं नाही.

सोनाराला मी काहीतरी बोलणारच होते, सरांनी माझी पिशवी ओढली. बाहेर आल्यावर म्हणतात, "बाई, तुमी वायच गप ऱ्हवा. आपण मागूक इलोव, भांडूक नाय."

खरंय. पण मला मागता येत नाही. सव्वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून नुसतं सांगायची सवय. चेहराच तसा झालाय.

१३ जाने.

परबशेठ!! सरांच्या गल्लीतले केटरर. ऑफिस म्हणजे गोडाऊनमध्ये एक टेबल, मागे ही एवढाली पातेली. सहावीतून शाळा सुटली हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, तेही ठणकावून. भिंतीवर वडिलांचा फोटो, ताजा हार. वडील गिरणीत होते. ब्याऐंशीच्या संपात शेवटपर्यंत बाहेर राहिले.

"शेवटपर्यंत बाई. उपाशी राहिला माझा बाप, पण गेटच्या आत पाय टाकला नाय. आमच्या घरात बाजू बदलणाऱ्याला ताटावर बसवत नाय."

वडिलांच्या नावे फिरता चषक आणि वादसभेचा सगळा खर्च, पाच वर्षं. पाच! अट एकच, आधी पोरं ऐकवा. विषय त्यांचा: 'गिरणी कामगारांनी संप शेवटपर्यंत चालवला ते योग्यच होतं.' विषय चांगला आहे, दोन्हीकडे भांडायला जागा आहे. हो म्हणून टाकलं.

बाहेर पडल्यावर सरांना उसाचा रस पाजला. सरांनी दुसरा मागितला. तोही पाजला.

१५ जाने.

प्रज्ञा जाधवला उभं करायचं ठरवलं. नववीतली, घोडपदेवहून येते. मागच्या वर्षी स्टेजवर पाय लटपटायचे, आता परीक्षकांना उलटे प्रश्न विचारते. एरवी विषय पुरता सांगायच्या आत हिचा हात वर. आज विषय ऐकला आणि गप्प.

"काय गं?"

"काही नाही बाई. आजोबा गिरणीत होते. विचारते घरी."

मी खूश. म्हटलं वा, घरातलाच माल मिळणार.

१८ जाने., शनिवार

सगळं मुसळ केरात. आणि ते माझ्याच हाताने.

नीट लिहिते. दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पोरं, चार-पाच पालक, पुढच्या रांगेत परबशेठ, खांद्यावर नॅपकिन. बाजू आमच्यात चिठ्ठीने ठरते. प्रज्ञाला अनुकूल बाजू आली, म्हणजे संप योग्य. काय बोलली पोरगी! "रिकाम्या पोटी नाही म्हणायला किती ताकद लागते, हे भरल्या पोटाच्या माणसांनी ठरवू नये." परबशेठ घळाघळा रडले. नॅपकिनने तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ठरलं आपलं."

मग उलटी फेरी. आमचा पहिल्या वर्षापासूनचा नियम आहे, भाषणं झाली की दहा मिनिटांत त्याच मुलांनी समोरच्याची बाजू घेऊन बोलायचं. समोरच्याचं म्हणणं कळल्याशिवाय वाद कसला? आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलंय की परबशेठना सांगायचं मी साफ विसरले. साफ!

प्रज्ञा परत उभी राहिली. हातात कागद नव्हता. म्हणाली, "माझे आजोबा संपाच्या अकराव्या महिन्यात गेटच्या आत गेले." मलाही माहीत नव्हतं. "नळावर आजीशी दोन वर्षं कुणी बोललं नाही. पोलिसांच्या गाडीतून कामावर जायचे, मान खाली घालून. आजोबा म्हणतात, मी बाजू बदलली नाही. माझी बाजू घरात उपाशी बसली होती."

परबशेठ उठले. आधी मला वाटलं टाळ्या वाजवायला उठले. "म्हणजे मघाशी मला खोटं खोटं रडवलंस?" तिला. मग मला, "पोरांना दोन जिभा शिकवता काय? ऱ्हावू दे तुमचा चषक." आणि गेले. मी मागे धावले, पण जिन्यात चप्पल निसटली आणि तोवर ते गेटबाहेर.

१९ जाने., रविवार

सरांचा फोन. "एक वाक्य सांगूचा होता, बाई. एक." सकाळपासून मी स्वतःला तेच सांगतेय, पण दुसऱ्याने सांगितलं की राग येतो. फोन ठेवला. मग मीच परत लावला.

दोन जिभा हा शब्द डोक्यातून जात नाही. मी खोटं बोलायला शिकवते का? प्रज्ञाचं दुसरं भाषण तर अगदी खरं होतं. आणि पहिलं? तेही खोटं नव्हतं. स्वतःच्या आजोबांना ज्यांनी वाळीत टाकलं त्यांची भूक तिने समजून घेतली, तेव्हा कुठे बोलू शकली. मला नसतं जमलं. हे परबशेठना त्या वेळी सुचून सांगायला हवं होतं. तिथे मात्र माझी दातखीळ बसली, आणि म्हणे वादसभेच्या बाई.

२१ जाने.

प्रज्ञा काल नाही, आज नाही. मधल्या सुट्टीत तिची आई आली. शनिवारी कुणा पालकाने व्हिडिओ काढलेला, तो त्यांच्या चाळीच्या ग्रुपवर फिरला. इतकी वर्षं झाकलेलं सगळं परत वर. आजोबा प्रज्ञाशी बोलत नाहीत. जेवताना तिच्याकडे पाठ करून बसतात.

"ती म्हणते परत नाही बोलणार कुठेच," आई म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. आणि जाताना म्हणाली, "तिला बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं हो. छान बोलते."

कंपनी गेली, परबशेठ गेले, त्याचं एवढं नाही वाटलं. हे फार लागलं. वर १५ तारखेला मीच लिहिलंय, घरातलाच माल. लाज वाटते वाचताना. खोडणार नाही. राहू दे.

२३ जाने.

परबशेठकडे गेले, एकटी. सरांना सांगितलं नाही. पैशासाठी नाही, माफी मागायला. (पैशासाठी अजिबातच नाही असं नाही. इथे तरी खरं लिहावं.)

गोडाऊनमध्ये उद्याच्या ऑर्डरची डाळ चाखत उभे होते. मी उभ्या उभ्या सांगितलं: उलट्या फेरीचा नियम आहे, तुम्हाला सांगायचं राहिलं, चूक माझी, पोरीची नाही. ऐकून घेतलं. आचाऱ्याला म्हणाले, मीठ कमी आहे. मग माझ्याकडे न बघता, "आजोबाचं ते खरं? का ते पण पाठ केलेलं?"

"खरं. आणि आता आजोबा तिच्याशी बोलत नाहीत."

आचारी मीठ घालून ढवळत राहिला.

"हाय अजून?"

"आहेत."

"ऱ्हातो कुठे?"

पत्ता दिला नाही. म्हटलं आधी त्यांना विचारीन. जाऊन शिव्या घालतील की काय करतील, यांचा काय नेम. पण चेहरा शिव्या घालणाऱ्याचा नव्हता.

२५ जाने.

प्रज्ञाच्या आईचा फोन. "येऊ दे म्हणाले आजोबा. एवढंच म्हणाले." गावडे सरांना शेवटी सांगितलं. म्हणाले, जावा, पण तोंड उघडू नका.

२६ जाने., रविवार

सकाळी झेंडावंदन, मग तिथूनच घोडपदेव. परबशेठ चाळीच्या तोंडाशी उभे, पांढरा शर्ट, हातात डबा. वर एकच खोली. आजोबा खुर्चीत, बारीक माणूस, दाढी घोटून बसलेले. परबशेठना समोरची खुर्ची दिली तर ते खालीच बसले, सतरंजीवर. प्रज्ञा आईच्या मागे. मी तोंड उघडलं नाही. सरांची आज्ञा.

"कितव्या महिन्यात गेलात?"

"पोरीनं सांगितलं ना. अकराव्या."

"माझा बाप नाय गेला."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले. "ऐकून आहे. मोठा माणूस."

"मोठाच." परबशेठ डब्याचं झाकण उगीच दाबत होते. "मी अकरा वर्षांचा. शाळेतून काढला आणि लग्नाच्या हॉलवर भांडी घासायला लावला. घासता घासता रोज मनात बोलायचो, बाबा, जा ना आत. एकदाच जा. कुणाला बोललो नाय आजवर. बायकोला नाय. आणि ही एवढीशी पोरगी माईकवर उभी ऱ्हावून तेच बोलायला लागली. मला वाटलं, हिला कळलं कसं?"

आजोबांनी चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "मी रोज गेटमधून आत जाताना म्हणायचो, आज कुणीतरी अडवावं मला."

मग चहा झाला. डब्यात शिरा होता, सगळ्यांनी खाल्ला. दोघं गिरणीतल्या खात्यांची नावं काढत बसले, जॉबर म्हणजे मुकादम कोण, कँटीनला काय मिळायचं. मला रडू येत होतं, म्हणून मी कप विसळायला गेले. अर्ध्या तासाने परबशेठ उठले, आजोबांना वाकून नमस्कार केला आणि गेले. चषकाचं, खर्चाचं, वादसभेचं, चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही. विचारवेना. पाच दिवस राहिलेत, सर माझा जीव घेणार.

निघायला म्हणून उठले, तर आजोबांनी हाक मारली. "प्रज्ञे."

आठ दिवसांनी पहिल्यांदा. ती पुढे आली, मान खाली.

"काय बोललीस तिथं? ते मोबाईलमधलं मला ऐकू येत नाही. बोल इथं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग त्यांनाच विचारलं, "कुठली बाजू बोलू, आजोबा?"

"आधी त्याच्या बापाची," आजोबा म्हणाले.

मोरीपाशी थोडी जागा मोकळी होती, तिथे जाऊन उभी राहिली. पहिल्या वाक्यालाच अडखळली. आजोबा खुर्ची ओढून जवळ सरकले. तिने परत सुरुवात केली. मी पिशवी खाली ठेवली आणि बसले.