माझं माझ्याशी एकमत

३ तारीख
काल एकाच दाढेच्या एक्स-रेवर तीन मतं. मी म्हणालो कीड, सूनबाई म्हणाली सावली, तिची मैत्रीण म्हणाली आणखी एक एक्स-रे काढू. पेशंट चपला घालून निघून गेला.
दवाखान्यात डॉक्टर आम्ही तिघंच. ठरलं : नावं झाकलेले साठ एक्स-रे प्रत्येकाने एकट्याने वाचायचे. कीड आहे की नाही, एवढंच. दहा दिवसांनी तेच साठ, क्रम बदलून. ज्याचं स्वतःशी जास्त जुळेल, त्याचा शब्द अखेरचा.
कल्पना सूनबाईची. बिचारी. तीस वर्षं अखेरचा शब्द माझाच आहे.
डावी दाढ ठणकते. एक्स-रेवाल्या बाईंनी बळंच एक्स-रे काढला. बघायला सवड नाही.

४ तारीख
साठ एक्स-रे, बावीस मिनिटं. दोघी दोन तास डोळे फोडत बसल्या.
एका दाढेपुढे शेरा मारला : 'कीड नाही. पेशंट उगाच कुरकुरतो.'

९ तारीख
संकल्प : निकालानंतर गर्व करायचा नाही.
पेंटरला पाटी सांगितली : 'अंतिम निदान येथे.'
उजव्या बाजूनेच जेवतो. ही म्हणाली, अहो, कुणाला तरी दाखवा. म्हटलं, माझ्यावर कोण आहे?

१४ तारीख
दुसरं वाचन. सोळा मिनिटं! एका दाढेला तर अशी कीड की हसू आलं. शेरा : 'इतके दिवस काय झोपला होता?'

१५ तारीख, दुपार
मैत्रिणीचे साठांपैकी पंचावन्न जुळले. सूनबाईचे चोपन्न. माझे एकतीस.
सूनबाई म्हणाली, बाबा, नाणं उडवलं असतं तरी तीसेक जुळलेच असते. म्हणजे नाण्यापेक्षा मी सरस.
शिवाय दहा दिवसांत माणूस काही शिकतो. त्या दोघी होत्या तिथेच आहेत.

संध्याकाळ
एक्स-रेवाल्या बाई हळूच म्हणाल्या, डॉक्टर, तुमच्या दोन्ही शेऱ्यांची दाढ एकच आहे. तुमचीच. त्या दिवशी काढलेला एक्स-रे मीच घातला होता गठ्ठ्यात.
दोघींनी दोन्ही वेळा लिहिलंय : कीड.

१६ तारीख
पाटी परत पाठवली. पेंटरचं शुद्धलेखन बरोबर नव्हतं असं सांगितलं. होतं.
मग खुर्चीत आडवा. सूनबाईच्या हातात ड्रिल, मैत्रिणीच्या हातात दिवा. सूनबाई म्हणाली, बाबा, रूट कॅनाल करावं लागेल, चालेल ना?
तोंडात कापूस. मी म्हणालो, "आँ."
दोघींनी त्याचा अर्थ एकच लावला.