तांब्याच्या तारेची अंगठी

पप्पा, तुम्ही गेल्याला सहा वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी हे लिहिणं पुढं ढकलतेय. वही काढली की पेन सापडत नाही, पेन सापडलं की कुणाचा तरी फोन येतो आणि मी सॅक भरून कुठंतरी निघालेली असते. आज मम्मीच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसलेय, दुपारचे तीन वाजलेत, मम्मी आत आडवी झालीये. पाच वाजता चर्चमध्ये मिस्सा आहे, रविवारची प्रार्थना. जायचं की नाही ते अजून ठरत नाहीये, म्हणून तुम्हाला लिहितेय.

याच ओट्यासमोर तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची सकाळ व्हायची. मी चौथीत असेन. तुम्ही आंघोळ करून आलाय, तरी हाताला वार्निशचा वास आहेच, कारण पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरणाऱ्याच्या हातातून तो कधी जातच नाही. मम्मी गॅस बारीक करते, पदराला हात पुसते, आणि येशूच्या फोटोखाली, डाळीच्या डब्यांसमोर उभं राहून तुम्ही दोघं लग्नातलं वचन पुन्हा म्हणता. सुखात, दुःखात, आजारपणात, धडधाकट असताना. त्यातलं 'सुखात' तुम्ही दर वर्षी गाळायचा. मम्मी म्हणायची, "पहिल्यापासून." "अगं, दुःखाचं बोललो ना? सुखात कोण पळून जातंय?" "पहिल्यापासून म्हटलं ना, अहो." मग पुन्हा पहिल्यापासून, आणि मध्येच कुकरची शिट्टी. एकदा म्हटलेलं परत कशाला म्हणायचं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मोटार जळली म्हणून कुणी टाकून देतं का? बॉडी तीच ठेवायची, तार नवी भरायची." मम्मीनं पोळी उलटता उलटता विचारलं, "म्हणजे मी जळकी मोटार?" त्या दिवशी तुम्ही चहा न पिताच पुढच्या खोलीत, दुकानात सटकलात. तो कप मी प्यायले. साखर जास्त होती. हे मी का सांगतेय कोण जाणे.

सांगायचं होतं ते तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं. फादर घरी येऊन मिस्सा करणार होते. तुम्ही दुकानातलं टेबल दोन दिवस घासत होतात, तरी त्यावरचा काळा डाग गेला नाहीच, शेवटी मम्मीनं त्यावर पांढरी चादर टाकली. तुमची बोटं सुजायला लागली होती, म्हणून अंगठी वाढवायला दिलेली. ती पौडच्या बाजारातल्या सोनाराकडून आणायचं एवढं एक काम माझ्याकडे होतं. मी एकवीस वर्षांची, कॉलेज अर्धवट सोडलेली, घरात कुणाच्या भरवशाची नाही, तरी तुम्ही म्हणालात, "तीच आणेल." अंगठी मी वेळेत घेतली, पप्पा. खिशात ठेवली. आणि एसटी स्टँडसमोर माले गावचा तो पोरगा पिकअपमध्ये आंब्याची रोपं भरून उभा होता. म्हणाला, "ताम्हिणीपर्यंत जाऊन येतुया, चल." मी बसले. परत आले तेव्हा फादर गेले होते, शेजारचे हार्डवेअरवाले चाचा खिरीची वाटी चाटत होते, आणि तुमच्या बोटात तांब्याची तार होती. वाइंडिंगची, तीन वेढ्यांची, टोकं आत वळवलेली. फादरांनी तीच आशीर्वादित केली म्हणे. मी सांगितलं, गाडी पंक्चर झाली. तुम्ही बोटातली तार सारखी केलीत. मग म्हणालात, "तू जातेस त्याचं काही नाही गं. परत येतेस, तेही बरंय. पण परत आल्यावर काय बोलायचं, ते तेवढं शिक." सोन्याची अंगठी तुम्ही त्यानंतर कधी घातलीच नाहीत. तारेनं बोट हिरवं झालं तरी तीच. तुम्हाला पुरलं ते त्या तारेसकट.

त्या पिकअपवाल्याशीच मी लग्न केलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही हसला असतात. त्याच्या घरचे बौद्ध, तरी चर्चमधल्या लग्नाला सगळे आले, त्याच्या आईनं तर माझ्यापेक्षा मोठ्यानं 'आमेन' म्हटलं. आज आमच्या लग्नाला वर्ष झालं. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी त्या महिन्यातल्या जोडप्यांना वेदीपुढं बोलावून वचन पुन्हा म्हणायला लावतात. आजचा रविवार तोच. मी त्याला सांगितलं, आपणही जायचं. तो म्हणाला, "एकदा म्हणलोय की. शबूद काय मोबाईलचं रिचार्ज हाय व्हय, मुदत संपली म्हणून मारायला?" मी चिडले. त्याला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं, मला तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी सॅक भरायला लागले तर तो दारात उभा राहून म्हणाला, "जा. तुला जायचंच असतंय, निमित्त लागतंय फकस्त."

तीन आठवडे मी कोकणात एका कॅम्पवर पोह्यांचे टोप परतत होते. एकही फोन नाही, त्याचा नाही, माझाही नाही. काल आले ती मम्मीकडं. मम्मी एवढंच म्हणाली, "अंथरूण काढून ठेवलंय. पण तुझं घर हे नाही." माल्याला जाणारी एसटी सकाळपासून दोनदा समोरून गेली. मी चढले नाही, कारण दारात उभं राहून पहिलं वाक्य कुठलं बोलायचं तेच मला येत नाही. तो दमला असेल माझ्यापायी, तर काय करायचं, हेही माहीत नाही.

आता खरं सांगते. त्या दिवशी गाडी पंक्चर झाली नव्हती. ताम्हिणीत रोपं उतरवल्यावर त्यानं गाडी पौडकडं वळवलीही होती. त्याला अंगठीचं माहीतच नव्हतं. मीच म्हटलं, अजून थोडं पुढं जाऊ. खिशात अंगठी बोटाला लागत होती, पप्पा, आणि तरी म्हटलं.

थांबा. बाहेर पिकअप लागलीये. हॉर्न तोच.

तो आहे. मी आलेय हे मम्मीनंही सांगितलं नव्हतं म्हणतोय, तरी आला. पांढरा शर्ट, कॉलरला इस्त्री नाही. चप्पल न काढताच दारात उभा राहून म्हणाला, "त्या तुज्या वचनाच्या वळी लिहून दे. मला पाठ न्हाईत." आणि मी म्हटलं, "मी चुकले." एवढंच आलं मला.

वहीत हे शेवटचंच पान उरलंय. त्याच्या मागं लिहून देते. 'सुखात' पहिलं लिहीन.