लित्ताच्या नाकावर चीर

प्रिय तोराताई,

धाकट्या इंगुनचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? बर्गनचा पाऊस थांबला का (थांबणार नाही, रीत म्हणून विचारते)? इकडे सेन्या बेटावर सगळे खुशाल, एक मी सोडून. माझं डोकं फिरलंय.

आपली लित्ता मेंढी गेली आणि मी अख्खा हिवाळा खपून तिला लाकडाच्या फळीवर कोरलं, हे तुला ठाऊकच आहे. तो फाटका कान, तो ‘पाव आणलास का गं?’ असा आगाऊ चेहरा, सगळं हुबेहूब उतरलं. फळीला शाई लावून, वर कागद ठेवून, लापशीच्या चमच्यानं घासून घासून वीस ठसे काढले. आमच्या कला मंडळाच्या प्रदर्शनात विसाच्या वीस खपले. काल सभेत अध्यक्ष हालस्टाइन उभा राहिला (तोच, ज्याच्या बायकोचे ट्यूलिप लित्तानं एका दुपारी फस्त केले होते, माणूस मेंढीवरसुद्धा डूख धरतो!). म्हणे, वीस ठसे झाले की फळीवर आडवी चीर मारायची, मंडळाचा नियम आहे. का, तर उद्या कुणी चोरून एकविसावा काढू नये! वर पटाशी माझ्या हातात देऊन म्हणतो, नाकापासून कानापर्यंत मारा, म्हणजे स्पष्ट दिसेल. जळला मेला नियम! तू बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं ते पोर, आणि त्याच्या नाकावर मी लोखंड चालवू? बाकीचे सभासद कॉफीत तोंड घालून बसले. मी ओरडले, “तीस वर्षं मंडळात आहे मी, मला चोर समजतोस काय रे?” आणि फळी कोटाखाली घालून तडक निघाले. बशीतलं गरम वॉफल अर्धं टाकून निघाले, यावरून समज. आता रविवारपर्यंत चीर मारली नाही तर मंडळातून नाव कमी. करा म्हणावं!

तुझी,
इंगुन

ता. क. फळी याच पार्सलात आहे. तळघरात बटाट्यांखाली ठेव. हालस्टाइनला मी चुलीत घातली असं सांगणार आहे. त्याचा फोन आलाच तर तुला काही ठाऊक नाही.

आणखी एक. फळीखालचा कागद जपून उलगड. तो एकविसावा. सगळे खपले म्हटल्यावर परवा तू फोनवर गप्प झालीस, मला बाई राहवलं नाही. झोपायच्या खोलीत लाव, पाहुण्यांना दाखवू नकोस. काल सभेत ओरडत होते तेव्हा घरी त्याची शाई वाळायची होती.