आंबागडच्या चढावर आईचे वॉट

बाबा,

परवाच्या रविवारी आई आंबागडच्या रस्त्यावरचा चढ सायकलवर चढली. सायकल मोटरची होती हे खरं. पण मोटरनं किती ओढलं आणि आईनं किती, हे माझ्या मोबाइलवर वेगवेगळं उमटलेलं आहे, आणि ते तुमच्यापुढे धरता येत नाही म्हणून मी लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. माणूस गेला की राग निवतो म्हणतात. माझा मी निवू दिला नाही.

जवाहरनगरच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. उन्हाळा तोंडावर आलाय आणि तुम्ही कूलरची मोटर उघडून फरशीवर बसला आहात. फॅक्टरीतही तुमचं काम मोटरींचंच. मी शेजारी उकिडवी. मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवून तुम्ही सांगता, "हे रेटिंग. म्हंजे मोटर न तापता दिवसभर जेवढं ओढते तेवढं. झटक्यात त कोनीबी दुप्पट ओढते. त्याले ताकद नाही म्हनत." इतकं स्वच्छ मला पुढे इंजिनिअरिंगलाही कोणी शिकवलं नाही. आई कणीक मळत होती. ती हसत म्हणाली, "मंग माह्यं रेटिंग किती जी?" तुम्ही मानही वर केली नाही. "तुह्यं कायचं रेटिंग? तू त लोड आहेस."

थट्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही त्या शब्दाप्रमाणे वागत आलात. शेजारच्या गावच्या अंगणवाडीत आईला मदतनिसाचं काम मिळत होतं. जाण्यायेण्यासाठी तिच्याकडे माहेरून आणलेली सायकल होती. "बाई सायकल हानत गेली त क्वार्टरमधले लोक काय म्हनतीन?" एवढं बोलून तुम्ही ती सायकल फॅक्टरीच्या बसच्या ड्रायव्हरला देऊन टाकलीत. आई दारात उभी होती. तो सायकल ढकलत वळणाआड गेला, तरी ती आत आली नाही.

आणि मग तो दिवस. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढचाच उन्हाळा. आपण तिघं स्कूटरवर आईच्या माहेरी, आंबागडला निघालो होतो. चढ लागला, स्कूटर घरघरायला लागली. तुम्ही पाय टेकवलेत. "उतरा. गाडीले लोड होऊन राह्यला." आम्ही उतरलो, आणि मला वाटलं की तुम्ही वर जाऊन थांबाल. तुम्ही थांबला नाहीत. डांबर चपलेला चिकटत होतं. आईच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात मी. शेवटी तिनं मला कडेवर घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही मामांच्या खाटेवर बसून चहा पीत होता, आणि आम्हाला पाहून म्हणालात, "आला पाहा लोड." मामा हसले, शेजारी हसले. आईही हसली. तिचं ते हसणं मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

तुमच्यानंतर क्वार्टर सोडावं लागलं. मी तुमसरला शिकवायला लागले आणि आईला घेऊन आले. तुमची स्कूटर तिनं कितीतरी वर्षं पुसून ठेवली होती. ती मी यंदा भंगारात दिली. भंगारवाल्यानं हँडल तोडलं तेव्हा उभी राहून पाहिलं, आणि मला बरं वाटलं. मग आईसाठी सायकल घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाचशे वॉटची मोटर आहे." मी विचारलं, "झटक्याचं नको सांगू. सतत किती देते?" तो जरा चाचरला. "अडीचशे." मी हसले. त्याला कशाला ते कळलं नाही.

आंबागडच्या चढावर पहिल्या खेपेला मोटर पूर्ण जोरात ठेवली. आई पुढे, मी मागून स्कूटीवर. ती अलगद वर गेली. मामांच्या अंगणात मी तिला मोबाइल दाखवला. मोटरची लाल रेघ चढ लागताच उंच उडालेली आणि मग हळूहळू खाली येऊन स्थिरावलेली. आईनं चष्मा वर केला.

"माही रेघ कोनती?"

"ही निळी. पेडलवर तुह्या पायाचा जेवढा जोर पडला तेवढी."

"इतकीच?"

तिनं चष्मा पुन्हा खाली घेतला. पण परवा पायथ्याशी तिनं सायकल थांबवली आणि हँडलवरचं बटन स्वतः दाबून मोटर सगळ्यात कमीवर आणली. मी म्हटलं, "आई, काहून? दम लागन." ती म्हणाली, "लागू दे." आणि निघाली. मध्यावर तिचे पाय जड झाले, पदर पाठीला चिकटला. मी स्कूटी तिच्या बाजूला आणली, पण तिनं पाहिलं नाही. वर पोचल्यावर सायकलला टेकून उभी राहिली, श्वास जाग्यावर येईपर्यंत. मोबाइलवर निळी रेघ लाल रेघेच्या वर होती, आणि चढ संपेपर्यंत ती कुठेही पडली नव्हती. झटका नव्हता तो, बाबा. तुम्ही ज्याला ताकद म्हणायचात तीच होती ती.

आता शेजारी बसून आई तांदूळ निवडते आहे. मघाशी म्हणाली, "काय लिहून राह्यली एवढं?" मी म्हटलं, "बाबांना." ती म्हणाली, "कायले? मी त चढली ना." तिच्यापुरतं ते संपलं आहे. हा कागद मी कपाटात ठेवून देईन.

एक मात्र कबूल करते. तो आलेख मी मामांना दाखवला, मावशीला दाखवला, कॉलेजात दाखवला. सगळ्यांनी वा म्हटलं आणि मोबाइल परत दिला. दोन्ही रेघा एका नजरेत वाचू शकेल असा आपल्या घरात एकच माणूस होता. त्या माणसानं हे बघावं आणि गप्प व्हावं, एवढंच मला हवं होतं.