मागच्या डेकचा निर्णय

४ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. विषय एकच: घरामागचा लाकडी डेक, खांबांवरचा फळ्यांचा ओटा. दुरुस्त करायचा, की पाडून नवा बांधायचा? बायको आठ वर्षं विचारतेय. मी आठ वर्षं अभ्यास करतोय. असल्या गोष्टींत घाई करून चालत नाही.

मागच्या रविवारी कपडे वाळत घालताना पायरीजवळची फळी मोडली आणि हिचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सध्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेलीय. तिथे लिफ्ट आहे. एवढंच कारण.

ही परत येईपर्यंत डेक तयार ठेवायचा. सरप्राइज! सहा आठवडे म्हणजे मुबलक वेळ.

६ मार्च
एक्सेल शीट केली. एका बाजूला दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला नवा. टिकाऊपणा, वेळ, कचरा, शेजाऱ्यांना त्रास, अशा सगळ्याला दहापैकी मार्क. दुरुस्ती अर्ध्या मार्काने जिंकली. नोकरीतली इतकी वर्षं वाया गेली नाहीत म्हणायची.

९ मार्च
सुतार येऊन गेला. मोजकं बोलणारा, म्हातारा माणूस. डेकखाली वाकून शिरला, खांबाला स्क्रूड्रायव्हर लावला. तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. म्हणाला, "साहेब, वरून बरं दिसतंय. खालून सगळं कुजलंय."

मी म्हणालो, तीनच फळ्या बदला.

"बदलतो. पण त्यावर कुणाला उभं करू नका."

हे लोक घाबरवतात आणि मोठं काम काढतात. मला काय ते ठाऊक नाही? स्वतःच करायचं ठरवलं.

१० मार्च, सकाळी ११
हिला फोन केला. मेव्हणीने उचलला. "ताई झोपलीय." कालही झोपली होती. परवाही. त्या दुखण्याच्या गोळ्यांनी गुंगी येते, हे माहीतच आहे.

१५ मार्च
फळ्या आणल्या. चार इंच आखूड निघाल्या. टेपचा दोष. बदलून आणल्या. दोन बसवल्या, एक वाकडी. लांबून कळत नाही.

हिला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. तिकडे नेट कमी असेल.

२२ मार्च
मुलगी आली. सकाळच्या गाडीने आली, संध्याकाळच्या गाडीने परत. मी डेक दाखवायला नेलं तर दारातच थांबली आणि म्हणाली, "बाबा, आई पडली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

म्हटलं, ॲम्ब्युलन्स बोलावली.

"त्याच्या आधी."

आधी म्हणजे? आधी मी धावत बाहेर आलो. वाकून फळी पाहिली. आणि हिला म्हणालो, "हलू नकोस, बाकीच्याही मोडतील."

मुलगी म्हणाली, "आई मला फोनवर सांगताना हसत होती, बाबा. मला ते हसणं ऐकवेना."

सुरक्षिततेच्या दृष्टीने माझं बरोबरच होतं. तेव्हा तसं वाटलं. मुलगी जेवली नाही. प्रवासाने दमली असेल.

८ एप्रिल
पॉलिश. दोन हात. पाठ धरली. उकिडवं बसून रेलिंगच्या प्रत्येक गजाला ब्रश लावला. हिला गडद रंग आवडतो की फिकट? बराच वेळ आठवत बसलो. शेवटी मधला घेतला.

१६ एप्रिल
प्लास्टर निघालं. मुलीकडून कळलं. रविवारी ही येणार आहे! शीट अपडेट केली. दुरुस्ती आता साडेतीन मार्कांनी पुढे.

२० एप्रिल, दुपारी ३
ही आली. हातात काठी, बरोबर मेव्हणी आणि दोन मोठ्या बॅगा. बॅगा रिकाम्या होत्या हे मला त्या उचलल्यावर कळलं.

मी म्हणालो, आधी डेक बघ. ही मागच्या दारापर्यंत आली. उंबऱ्यावरच उभी राहिली. "छान झालाय रंग," म्हणाली. मग मेव्हणीला कपाट आवरायला आत पाठवलं आणि खुर्ची ओढून बसली.

"मी परत येणार नाहीये. चिडून सांगत नाही. नीट विचार करून सांगतेय."

मी म्हणालो, नवा बांधतो. पाडतो आणि नवा. उद्याच सुताराला बोलावतो. शीट गेली खड्ड्यात.

हिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "अहो, डेकचं नाही हो."

मग सावकाश बोलली. मला नोकरी बदलायची होती, तुम्ही म्हणालात, बघू. मुलीला दुसऱ्या शाळेत घालायचं होतं, बघू. माझी आई आजारी पडली तेव्हा दोन दिवस तुम्ही गाड्यांची वेळापत्रकं बघत होतात. कुठली सोयीची, कुठली नाही. "मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यावर मी एक शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं. ती माझी चूक."

मी काहीतरी बोलणार होतो. ही थांबली होती, मी बोलावं म्हणून. मी म्हणालो, "चहा टाकू?"

"नको," म्हणाली.

जाताना रक्तदाबाच्या गोळ्या कुठे आहेत ते सांगितलं. मोलकरणीची सुट्टी कधी ते सांगितलं. बॅगा मीच गाडीत ठेवल्या. जड होत्या.

२१ एप्रिल
काही नाही.

२७ एप्रिल
गाड्या तेव्हा चारच होत्या. कुठलीही चालली असती.

२ मे
सुताराला बोलावलं. म्हटलं, पाडा. एका सकाळीत सगळं खाली आलं. मी रंगवलेले गज त्याने एका बाजूला रचले. खांब तर हातानेच निघाले. सुतार "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. भला माणूस.

आता मागचं दार उघडलं की समोर कमरेएवढा खड्डा.

दुपारी सुताराने वही काढली. "नवा केवढा करायचा, साहेब? बसणार किती माणसं?"

एक, म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पेन्सिल कानामागे खोचली. "एका माणसाला डेक कशाला? उतरायला तीन पायऱ्या पुरतील."

मी लगेच हो म्हणालो. मिनिटसुद्धा घेतलं नाही.